बटातली बाटली

हवालदार काकांनी मी बनवलेली लाकडी रायफल हातात घेतली, नळी छताकडं केली, बोल्ट मागं ओढून आत डोकावले, मग रायफल उलटी करून बटाच्या, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडी भागाच्या, मागचं पितळी झाकण अंगठ्याच्या नखानं उघडलं आणि आत बोट घातलं. बोट फिरवून बाहेर काढलं, माझ्याकडं बघितलं. "बाटली कुठाय रं?"

एवढंच. मग चहा आला, विषय वर्गणीवर गेला, तिथनं त्यांच्या गुडघ्यावर गेला, आणि अर्ध्या तासानं ते काठी टेकत खाली उतरले. पण माझ्या डोक्यातनं ते बोट काही जाईना.

कारण काय आहे, आमच्याकडं येणारा प्रत्येक जण ती रायफल बघतोच. हॉलमध्ये टीव्हीच्या वर टांगलीय, न बघून सांगता कुणाला. आणि प्रत्येक जण एकच गोष्ट करतो. खांद्याला लावतो, डावा डोळा मिटतो, पंख्यावर, घड्याळावर नाहीतर समोरच्या पोराबाळांवर नेम धरतो आणि तोंडानं ठिश्यांव करतो. बँकेतले साहेब असोत, भाचा असो, गॅस दुरुस्तीला आलेला पोरगा असो, आमची ऐंशीच्या घरातली मावशीसुद्धा. पोरांवर नेम धरलेला मला अजिबात चालत नाही, मी लगेच नळी धरून खाली करतो, त्यावरनं दोनतीन जणांशी वाकडंही आलंय. मग ठरलेले प्रश्न येतात, खरी आहे का, लायसन लागतं का, किती खर्च आला, ऑर्डर घेतोस का. बटाचं झाकण आजवर कुणीही उघडलं नव्हतं. त्या झाकणाच्या बिजागरीवर मी किती डोळे फोडलेत ते माझं मला माहीत. आणि हा एकच माणूस असा निघाला की ज्यानं नेम धरलाच नाही, थेट मागच्या बाजूला गेला आणि आत बाटली नाही म्हणून मला जाब विचारला.

तर रायफल म्हणजे .303. ली-एनफिल्ड. आपल्याकडची इशापूरची, म्हणजे कोलकात्याच्या वर हुगळीच्या काठावर जी रायफल फॅक्टरी आहे तिथली. नाव माहीत नसलं तरी आपण सगळ्यांनी ती बघितलेली असते, कोषागाराच्या दारात, रेल्वे स्टेशनवर, निवडणुकीच्या बूथवर स्टुलाशेजारी उभी केलेली. नळी जवळजवळ तोंडापर्यंत लाकडात गुंडाळलेली, पुढं बोथट नाक, खाली दहा गोळ्यांचं मॅगझिन. बाकीच्या जगानं तिला कधीच म्युझियममध्ये नेऊन ठेवलं आणि आपल्याकडं मात्र ती ड्युटीवरच राहिली. 1962 ला चिनी सैन्यासमोर आपले जवान हीच घेऊन उभे होते आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला परेडमध्ये निरोप दिला तो 2020 च्या 26 जानेवारीला, आता बोला.

माझी अर्थातच लाकडाची. नळीला आरपार भोकसुद्धा नाही, पुढून बोटाच्या पेरभर ड्रिल मारलाय, मागं सगळं भरीव. ट्रिगर नुसता हलतो. बोल्ट मागंपुढं होतो कारण तो तसा झाल्याशिवाय मला झोप लागली नसती, पण त्यातनं काही उडायचं नाही आणि उडवायची मला इच्छाही नाही. तरी बाहेर न्यायची झाली तर चादरीत गुंडाळून, आणि जिथं न्यायची तिथलं पत्र खिशात ठेवून. लांबून बघणाऱ्याला लाकूड आणि लोखंड यातला फरक कळत नसतो आणि त्यानं तो कळून घ्यावा अशी अपेक्षाही धरू नये.

सुरुवात नाटकामुळं झाली. राज्य नाट्य स्पर्धेला एका नाटकात शिपायांच्या हातात बंदुका हव्या होत्या, आणि कुणीतरी थर्माकोलच्या करून आणल्या. दिसायला झकास. पण पडदा उघडला आणि शिपाई स्टेजवर आले ते हातात काहीच नसल्यासारखे. वजन नसलं की माणसाचा खांदा खोटं बोलायला लागतो, हे मी त्या दिवशी विंगेतनं बघितलं. पुढच्या प्रयोगाला मी सागवानाच्या फळीतनं दोन कापून दिल्या, ओबडधोबडच होत्या, पण तीच पोरं एकदम वेगळी चालायला लागली. नाटक पुढं गेलं नाही. मी मात्र अडकलो.

अडकलो त्याला अजून एक कारण होतं, एनसीसी. कॉलेजात आम्हाला ड्रिलला मिळायच्या त्या डीपी, म्हणजे ड्रिल पर्पज रायफली, खऱ्याच .303, पण फायर होऊ नयेत म्हणून निकाम्या केलेल्या. सकाळी कोतासमोर, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीसमोर, लाइन लावायची, नंबर सांगून रायफल घ्यायची. थंडीत लोखंडाला हात लागला की मनगटापर्यंत कळ जायची आणि दहाच्या उन्हात तीच नळी धरवायची नाही. चारेक किलो वजन, म्हणजे काहीच नाही असं पहिल्या पाच मिनिटांत वाटतं. मग उस्ताद 'बगल शस्त्र' करून ग्राउंडला चकरा मारायला लावायचा आणि त्यानंतर आयुष्यात कधी चार किलोला काहीच नाही असं म्हणवत नाही. पण 'सलामी शस्त्र'ला सगळ्या प्लाटूनचा हात एकाच वेळी लाकडावर पडायचा, थप्प, एकच आवाज. तो आवाज मला अजूनही आवडतो. का आवडतो याचं उत्तर माझ्याकडं नाही, मी काही फार शिस्तीचा माणूस नाही, गणवेश दिसला की उलट थोडा बिचकतोच.

असो. लाकडाविषयी बोलू.

मूळ रायफलीला अक्रोड वापरायचे. आपल्या वखारीत अक्रोड कुठला मिळायला. शिसव सुंदर, पण जड आणि चिवट, पटाशी वाकडी जाते आणि किंमत ऐकून माणूस वाकडा होतो. मी घेतो जुनं सागवान, पाडलेल्या वाड्यांच्या चौकटी, तुळया. वखारवाला फळी काढून देतो तेव्हा वरून काळीठिक्कर, धूर आणि तेलरंगाचे थर, मध्येच मोडका खिळा, रंध्याचं पातं त्यावर गेलं की संध्याकाळ वाया. पण दोन हात मारले की आतनं जो मधासारखा रंग निघतो आणि तो वास, तो वास आला की मी एकटाच हसत बसतो. मग कार्डबोर्डचा साचा ठेवून पेन्सिलनं आखायचं, करवत, पटाशी, कानस. बट आणि पुढचा दांडा हे .303 ला दोन वेगळे तुकडे असतात, बट मागून एका लांब बोल्टनं आवळलेला. का, तर बट बदलता यावा म्हणून. शिपायाच्या हाताच्या लांबीप्रमाणं बटाचे साइज असायचे, लांब, नॉर्मल, आखूड आणि सगळ्यात लहान चणीच्या माणसांसाठी बँटम. त्याची अक्षरंसुद्धा बटावर ठोकलेली असायची. हे वाचलं तेव्हा मला कसंतरीच झालं. लाखोंनी बनवायच्या वस्तूत कुणीतरी बसून हात आखूड असलेल्या पोराचा विचार केलाय. कशासाठी केलाय हे पण लक्षात येतंच म्हणा.

मनगटाची जागा, म्हणजे ट्रिगरच्या मागं जिथं मूठ बसते ती, तिथं माप लावून काही होत नाही. तिथं कानस बाजूला ठेवून फुटक्या काचेच्या तुकड्यानं खरवडायचं, डोळे मिटायचे आणि हात फिरवायचा. जिथं हात अडखळेल तिथं अजून खरवडायचं. मग पॉलिश पेपर, ऐंशी नंबर, एकशेवीस, दोनशेवीस, चारशे. मध्ये एकदा ओल्या फडक्यानं पुसायचं, लाकडाची लव उभी राहते, वाळली की पुन्हा घासायचं. हे टाळलं की पहिल्याच तेलाला हात खरखरतो. लोखंडी दिसायला हव्यात त्या भागांना मॅट काळा रंग आणि तो वाळल्यावर पेन्सिलीच्या शिशाची पूड कापसानं चोळायची. मी लेकीच्या कंपासपेटीतल्या पेन्सिली पळवतो. काळा रंग नुसता रंग दिसतो, त्यावर शिसं चोळलं की अचानक त्यात वजन उतरतं, निळसर करडी झाक येते, हात लावला तर गार लागेल असं वाटायला लागतं.

आणि तेल. हार्डवेअरवाला ज्याला बेल तेल म्हणतो ते, जवसाचं. ब्रश नको, फडकंपण नंतर, आधी तळहात. थोडंसं तेल घ्यायचं आणि तळहात गरम होईपर्यंत चोळत राहायचं, लाकूड पितं तेवढं पिऊ द्यायचं, उरलेलं पुसून घ्यायचं. जुना रिवाज असा की पहिला आठवडा रोज एकदा, मग महिनाभर आठवड्यातनं एकदा, मग वर्षभर महिन्यातनं एकदा, आणि त्यानंतर जन्मभर वर्षातनं एकदा. सागवान स्वतःच तेलकट असल्यानं इतकं लागत नाही, पण मी करतो, मला आवडतं. एक सांगून ठेवतो, कुणी करणार असाल तर. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, बोळा असेल तर उष्णता आतच कोंडते आणि काडी न लावता पेट घेऊ शकते. फडकी दोरीवर पसरून वाळवायची नाहीतर पाण्यात बुडवायची. आमच्या गॅलरीत कपड्यांच्या दोरीवर लेकीच्या युनिफॉर्मशेजारी पिवळी चिकट फडकी वाळत असतात आणि त्यावरनं घरात जे बोलणं होतं ते इथं लिहीत नाही.

आता खरी गंमत पुढं. फिनिशिंगमध्ये एक शेवटची पायरी असते, जुनं करण्याची. या नादातल्या लोकांचा अर्धा जीव त्यातच असतो. नवी कोरी रायफल खेळणं दिसते, म्हणून कडांचा रंग घासून आतली चंदेरी झाक काढायची, कॉफीच्या पाण्यानं डाग पाडायचे, किल्ल्यांचा जुडगा आपटून लाकडाला टोचे पाडायचे, विटकरी पूड लावून गंज दाखवायचा. मीही केलं होतं, आणि खरं सांगायचं तर छान केलं होतं, फोटोत तर अशी दिसायची की आत्ताच कुठल्यातरी खंदकातनं काढून आणलीय.

हवालदार काका दुसऱ्यांदा आले तेव्हा मी मुद्दाम विषय काढला. बाटली म्हणजे तेलाची पितळी बाटली, हे मला वाचून माहीत होतंच, बटाच्या पोटात ती आणि पुलथ्रूची, म्हणजे नळी साफ करायची दोरी राहते. मी म्हटलं काका, बाकी कशी वाटली. ते म्हणाले, "झ्याक हाय. पर ही सरकारी न्हाई वाटत." मी म्हटलं का. त्यांनी बोल्टाजवळच्या माझ्या लाडक्या गंजावर बोट ठेवलं. "हे असलं दिसलं असतं तर साहेबानं मला ग्राउंडवर पळवला असता."

मग ते बोलत बसले. नळी पुसायची चिंदी फाडायची ती चार इंच बाय दोन इंच, तेलाची असेल तर चार बाय दीड. पुलथ्रूचं वजन नळीत सोडायचं आणि एका दमात सरळ ओढायचं, तिरकी दोरी गेली की नळीचं तोंड घासतं. राउंड, म्हणजे गोळ्या, मोजून मिळायचे, मोजून परत द्यायचे, एक कमी भरला तर सगळ्या गार्डची झोप गेली. ट्रेझरी गार्डला रात्री तीन वाजता भिंतीला टेकलं की रायफल घसरायची आणि फरशीवर जो आवाज व्हायचा त्यानं स्वतःच दचकायला व्हायचं. मी विचारलं, कधी चालवली? म्हणाले, "दरसालचं फायरिंग सोडलं तर एकदाबी न्हाई. देवाची कृपा." आणि झिजते कुठं ते दाखवलं, दोन ठिकाणी, मॅगझिनच्या पुढं जिथं तोल साधून एका हातात धरतात तिथं, आणि मनगटावर. तिथं लाकूड टोचलेलं नसतं, गुळगुळीत असतं, जवळजवळ काळं, घामानं आणि तेलानं. बाकी सगळी स्वच्छ.

म्हणजे मी जी जुनी केली होती ती गोळीबारातली, लढाईतली, पडद्यावरची. त्यांची रायफल जुनी झाली होती ती सांभाळून. त्यांच्या सगळ्या नोकरीत तिचं काम म्हणजे पुसणं, उचलणं, उभं राहणं, परत कोतात जमा करणं. माझ्याकडं येऊन ठिश्यांव करणाऱ्यांना जे एक काम दिसतं ते त्यांनी कधी केलंच नव्हतं, आणि त्याबद्दल ते देवाचे आभार मानत होते.

ते गेल्यावर मी तो गंज पुसून टाकला. पटकन निघाला, विटकरीची पूडच ती.

पण हे एवढं गोड करून मला सोडता येत नाही. हीच .303 होती 13 एप्रिल 1919 ला जालियनवाला बागेत. पन्नास रायफली, 1650 गोळ्या, आणि चालवणारे हात गोऱ्यांचे नव्हते, ब्रिटिशांच्या हिंदी फौजेतल्या शिपायांचे होते. त्यांच्याही बटात बाटली असणार. त्यांनीही संध्याकाळी बराकीत जाऊन चिंदी ओढली असणार, नळी स्वच्छ केली असणार. हे एकदा डोक्यात आलं की मनगटाच्या जागेवर हात फिरवताना मध्येच थांबायला होतं. आणि हीच होती 26 नोव्हेंबर 2008 ला सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात, समोर एके-47 असताना. त्या रात्रीनंतर कितीतरी दिवस लोक या रायफलीची चेष्टा करायचे, भंगार, म्युझियमचा माल. तेव्हा मला राग यायचा. रायफलीसाठी नाही, जे ती घेऊन उभे राहिले त्यांच्यासाठी. माझी बायको म्हणते की तू सतार का नाही करत, लाकूड तेच, तेल तेच, घासणं तेच. बिनतोड आहे. मी फक्त एवढंच म्हणतो की सतारीचं मला काही कळत नाही. हे उत्तर नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. मला ही वस्तू सुंदर वाटते आणि ती सुंदर वाटते याची थोडी लाजही वाटते, आणि हे दोन्ही एकत्रच राहतं, त्यातलं एक घासून काढता येत नाही.

एके मात्र मी कधी करायची नाही असं ठरवलं होतं. पोरं फोटो पाठवायची, दादा ही करा ना, ते वाकडं मॅगझिन, लई भारी दिसंल. मी नाहीच म्हणायचो. तिचं ते बाकदार मॅगझिन दिसलं की मला कसाबचा सीएसटीवरचा तो फोटोच दिसतो, पाठीला सॅक लावलेला.

मग गेल्या वर्षी एका मंडळाची पोरं आली. जिवंत देखावा करणार होते, तुकाराम ओंबळे. साताऱ्यात हा देखावा म्हणजे घरचाच विषय, ओंबळे इथलेच, जावळीतल्या केडंब्याचे. गिरगाव चौपाटीचा प्रसंग, हातात फक्त लाठी, आणि कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवलेली, गोळ्या पोटात जात असताना सोडली नाही म्हणून तो जिवंत सापडला. पोरं म्हणाली, दादा, एके पाहिजे. आधीची प्लास्टिकची होती ती पहिल्याच रिहर्सलला नळीपाशी मोडली.

मी बराच वेळ काही बोललो नाही. मग कागद घेतला.

ही बनवताना सगळंच उलटं झालं. बटाकडं, मनगटाकडं, ट्रिगरकडं कुणी बघणारच नव्हतं, सगळा जोर नळीवर. रोज पाचसहा शो, प्रत्येक शोला एक दणकट पोरगा ती नळी धरून ओढणार, पिळणार, तिच्यावर अंग टाकून खाली पडणार. म्हणून नळीच्या जागी भरीव लोखंडी सळई घातली, पार बटापर्यंत आत नेली, वर लाकूड आणि एम-सील, आणि टोक गोल करून घेतलं की पोटात लागायला नको. आधी ओंबळेंचं काम करणाऱ्या पोराला बोलावून त्याच्या हाताचं माप घेतलं, कुठं धरतोस दाखव म्हटलं. त्यानं धरून दाखवलं. पोरगा मार्केट यार्डात हमाली करतो, पकड अशी की मला माझ्या हातातनं ती सोडवून घेता येईना. तिला जुनी वगैरे काही केली नाही. नुसता काळा रंग आणि शिसं.

देखाव्याच्या चौथ्या दिवशी मंडळाचा अध्यक्ष ती गुंडाळून घेऊन आला. नळीवरचा रंग उडाला होता, बरोबर दोन पंजांच्या रुंदीचा पट्टा, आतली सळई घामानं लखलखीत झालेली, बाकी सगळीकडं रंग तसाच्या तसा. मी बघत राहिलो. इतकी वर्षं किल्ल्या आपटून आणि कॉफी ओतून जे करायला बघत होतो ते इथं आपोआप झालं होतं, आणि तेही कुठं, तर जिथं रायफल घेतलेल्या माणसाचा हात कधी जात नाही तिथं.

"रंग मारून द्या की दादा," अध्यक्ष म्हणाला, "उद्या चॅनलवाले येणारेत."

मी म्हटलं राहू दे, असंच बरं दिसतं. तो म्हणाला न्हाई ओ, लाइटीत चमकतंय, बक्षिसाचे परीक्षक पण आहेत. त्याच्याशी काय वाद घालणार, देखावा त्याचा. डबा उघडला, दोन हात मारले, पंख्याखाली वाळवून दिली. दुसऱ्या दिवशी शेवटच्या शोपर्यंत रंग परत निघाला होता. बक्षीस दुसऱ्याच मंडळाला मिळालं, त्यांचा अफझलखान होता.